शेवटच्या हीटची रांगोळी

आमच्या अख्ख्या कॉलनीत एकट्या माझ्या बाबांनाच चेहरा नव्हता. हे वाक्य मी कुठेही बोलले की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे काळजीने बघतात. म्हणून मी ते बोलायचं सोडून दिलं. लिहायला मात्र हरकत नाही, कागद काही काळजीने बघत नाही.

बाबांची कंपनी आंबिवलीच्या अलीकडे, रुळांपासून थोडी आत होती. पोलादाचा लहानसा कारखाना. ट्रक भरभरून भंगार यायचं, विजेच्या भट्टीत वितळायचं, त्याचे ठोकळे व्हायचे आणि ठोकळ्यांच्या सळ्या. भट्टीतून एकदा रस काढला की त्याला एक हीट म्हणायचे. बाबा भट्टीवर होते. कारखान्याच्या भिंतीला लागूनच आमच्या चाळी. कामाला जायचे फक्त पुरुष, पण धूळ सगळ्यांच्या वाट्याला सारखी यायची. दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकायचे असतात, ही जगाची रीत आहे असंच मला कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं.

आईचं माहेर ठाण्याच्या कोपरीचं. लग्नाआधी टेंभी नाक्याच्या नवरात्रात रांगोळीचं बक्षीस तिने कधी दुसऱ्या कुणाला मिळू दिलं नव्हतं, हे ती स्वतःच सांगायची आणि तिच्या भावांनी त्याला कधी दुजोरा दिलेला मी ऐकला नाही. पण हात होता, यात वाद नाही. लग्न होऊन कॉलनीत आल्यावर तिने बाजारातली रांगोळी टाकूनच दिली. लाल सळई थंड होताना तिच्या अंगावरून काळ्या खपल्या पडतात. बाबा त्या डब्यातून आणायचे. आई त्या खलबत्त्यात कुटून मलमलीतून चाळायची आणि त्यातून काळा रंग निघायचा, तोही असा वजनदार की पंख्याखाली हलायचा नाही. भट्टीच्या जुन्या विटांचा लाल चुरा, भट्टीत घालायच्या दगडाची पांढरी पूड, आणि तिन्ही कमीजास्त मिसळले की माणसाच्या कातडीचा कुठलाही रंग. चाळायचं काम माझ्याकडे. माझ्या नखांतला काळा रंग बघून कॉलेजातल्या डोंबिवलीच्या मुली नाक मुरडायच्या. मी त्यांना सांगायचे, आमच्या घरी लोखंड खातात.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा कंपनीने भट्टी बंद करणार असल्याचं जाहीर केलं. वीज परवडत नाही म्हणे. सळ्यांचं खातं चालू राहील असं सांगितलं, आणि कॉलनीने ते खरं धरलं, कारण खोटं धरून करणार काय? शेवटची हीट दसऱ्याला काढायचं ठरलं. दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची आणि त्या एका दिवशी बायकामुलांना आत सोडत. तसे आम्ही सगळे नटूनथटून, झेंडूच्या माळा घातलेल्या भट्टीसमोर उभे राहिलो. रस लॅडलमध्ये, म्हणजे खालच्या मोठ्या लोखंडी बादलीत पडला, छपरापर्यंत उजेड झाला, आणि भट्टीवरची माणसं डोळ्यांपुढे धरायची निळी काच बाजूला करून त्या उजेडात एका ओळीत उभी राहिली. बाबा डावीकडून शेवटचे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काय करायचं असतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणि फोटो नाही. गेटवर कॅमेरा जमा करून घ्यायचे, कंपनीचा नियमच तो. जणू आमची भट्टी बघून शत्रूराष्ट्र तशीच दुसरी बांधणार होतं. आयुष्यभर भट्टीसमोर भाजून घेतलेल्या माणसांपाशी भट्टीबरोबर स्वतःचा एकही फोटो नव्हता. मग क्रेन चालवणारे काका, आमचे शेजारी, दिवाळीच्या तोंडावर आईकडे आले. म्हणाले, "वहिनी, तुम्हीच काढा. रांगोळीत. गेटबाहेरच्या कॅन्टीनच्या हॉलमध्ये मोठ्ठी काढा, सगळ्यांना घ्या."

आईने लगेच पदर खोचला. टेबलं भिंतीला लावली, फरशी धुतली, आणि दिवाळीभर घरात चकल्यांच्या जागी शिव्या तळल्या गेल्या, कारण फराळ माझ्या गळ्यात पडला होता. भट्टी, लॅडल, वरची क्रेन हे तिने एका दिवसात उभं केलं. वेळ लागला तो चेहऱ्यांना. एकेक जण स्टुलावर येऊन बसायचा, आई त्याच्याकडे बघून खाली चिमटीने त्याला उतरवायची आणि कडेने अर्धी कॉलनी उभी राहून सूचना करायची. एकाला गेलेले केस परत हवे होते. एकाच्या बायकोने त्यांचं मनगटी घड्याळ दिसलंच पाहिजे असा हट्ट धरला, भट्टीवर घड्याळ घालायला बंदी असली तरी. फोरमनना चेहऱ्यावर रुबाब हवा होता आणि तो मुळात नव्हता, त्यामुळे आईने मिशी जाड केली. क्रेनवाले काका वरच्या केबिनमध्ये असल्यामुळे चित्रात चिमणीएवढे येत होते. "उंचावरचा माणूस लांबून लहान दिसतो," असं आईने समजावलं तर म्हणाले, "वहिनी, मग मला खाली उतरवा."

राहता राहिले बाबा. ते दाढी करून तयार होते. स्टुलावर बसलेसुद्धा. आईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा भोवतीच्या गर्दीकडे, आणि म्हणाली, "ह्यांचं राहू दे. मागाहून करते."

"मागाहून का?" बाबा म्हणाले.

"घरीच तर असता. रोज बघते की."

मला कारण कळलं आणि रागही आला. आमची आई नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, रस्त्यात त्यांच्या दोन पावलं मागून चालायची. बाकीच्या माणसांकडे ती तास-तास टक लावून बघत होती, ते काम होतं. पण चारचौघांत स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडाकडे असं एकटक बघायचं म्हणजे तिच्या दृष्टीने वरातीत नाचण्यापेक्षा वाईट. भाऊबीजेला सगळे आपापल्या घरी जातील, हॉल रिकामा होईल, तेव्हा करते, असं ती मला हळूच म्हणाली. रांगोळीतल्या बाबांच्या अंगावर कपडे, हातात निळी काच, सगळं झालं होतं. फक्त मानेच्या वर फरशी.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गाडी आली. कोर्टाचे एक साहेब, बरोबर दोन शिपाई, लाखेच्या कांड्या आणि कुलपं. कंपनीने म्हणे कुणाकुणाचं कर्ज बुडवलं होतं आणि आता सगळंच बंद. सळ्यांचं खातंसुद्धा. एकेका दाराला कुलूप, त्यावर लाख, लाखेवर शिक्का. आई डबे घेऊन हॉलपाशी पोचली तेव्हा शिपाई लाख तापवत होता.

"साहेब, आत रांगोळी आहे. एक तोंड राहिलंय," आई म्हणाली.

साहेबांनी खिडकीतून डोकावून बघितलं. मन लावून बघितलं, खोटं कशाला बोलू. मग विचारलं, "ही पावडर कसली?"

बाबा प्रामाणिकपणे म्हणाले, "कंपनीतलीच."

झालं. कंपनीतला माल, कंपनीच्या फरशीवर. साहेबांनी तो मालमत्तेत धरला. त्याला हात लावायचा नाही, त्यात घट होऊ द्यायची नाही आणि भरही घालायची नाही. एक वॉचमन नेमला गेला. अख्ख्या कॉलनीची नोकरी गेली त्या दिवशी, बायका उंबऱ्यात बसून रडत होत्या, आणि आमच्या बाबांच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, तर, "माझाच चेहरा राहिला."

लोक हसले. त्या दिवशी हसायला दुसरं काही नव्हतंच.

पुढे मग ती कॉलनीची नेहमीची थट्टा झाली. बाबा नळावर गेले तरी कुणीतरी म्हणायचं, "काय, तोंड आणलं का आज?" बाबाही हसायचे. घरात आले की हसायचे नाहीत. आईने एकदा म्हटलं, एवढं काय त्यात, कुणीही ओळखेल तुम्हाला, डावीकडून शेवटचे. त्यावर ते जेवता जेवता उठले. म्हणाले, "भट्टी गेली. गेटचा पास जमा झाला. मी तिथे होतो हे सांगायला जगात ती एक रांगोळी आहे आणि तिच्यात मी नाही." मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही थट्टेची गोष्ट नाही. पण आमच्या घराचं नशीब असं की रडायची गोष्टसुद्धा हसू आल्याशिवाय घडत नाही.

बाबा कल्याणच्या कोर्टात खेपा घालू लागले. तिथला कारकून सज्जन होता. त्याने विचारलं, चेहरा कुणाचा? बाबा म्हणाले, माझा. पुरावा? बाबांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, हे तुमचं तोंड आहे हे मान्य, पण मालमत्तेतल्या त्या माणसाचं तोंड हेच कशावरून? बाबा घरी येऊन म्हणाले, माणूस हुशार आहे, त्याचं चुकलं काहीच नाही. कुणीतरी सुचवलं, भट्टीवर बांधतात तसा तोंडाला नुसता गमछा गुंडाळलेला दाखवा, चेहऱ्याची कटकटच नको. बाबा भडकले. शेवटच्या हीटला त्यांनी गमछा काढला होता आणि ते काढलेलं त्यांना आठवत होतं.

मग नळीचा प्रयोग झाला. कल्पना क्रेनवाल्या काकांची. क्रेनवर आयुष्य गेल्यामुळे लांबून माल नेमका जागेवर सोडणं आपल्याला जमतं, अशी त्यांची समजूत होती. खिडकीच्या गजांतून विजेच्या वायरीची लांब नळी आत सरकवायची, नळीतून पूड सोडायची, आणि आईने खिडकीत बसून चेहरा काढायचा. वॉचमन म्हणाला, "मी पाणी प्यायला चाललो. मला माहीत नाही काय ते." आणि जाऊन लांबच्या नळावर आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. नळी गेली. पूड ओतली. ती मध्येच अडकली. काकांनी नळीला टिचकी मारली, मग धपाटा घातला, आणि सगळी पूड एकदम फोरमनच्या खांद्यावर जाऊन पडली. पसाभर ढीग. आई म्हणाली, "बंद करा हा आचरटपणा." दुसऱ्या दिवशी फोरमनच्या बायकोने आमच्या दारात येऊन सुनावलं, "आमच्या ह्यांना कुबड काढलंत तुम्ही." ते कुबड आता मालमत्तेत मोडत होतं, त्यामुळे काढताही येईना. ती बाई वर्षभर आईशी बोलली नाही.

इकडे रांगोळीवर अशी पहाऱ्याची नजर आणि तिकडे कारखाना दिवसाढवळ्या चालता होत होता. टेम्पो यायचे, माणसं गॅसने कापाकापी करायची. कुणी परवानगीने कापायचं, कुणी बिनपरवानगी, आणि दोघांचे कपडे सारखेच. आधी मोटारी गेल्या, मग क्रेन, मग छपराचे पत्रे. एके दिवशी बघितलं तर भट्टीसुद्धा नव्हती, नुसता गोल खड्डा. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "माझी ड्युटी हॉलवर आहे. हॉल शाबूत आहे." आणि होताच शाबूत. पावसात हॉलच्या छपराला गळती लागली तेव्हा बेकार बसलेली आमची माणसं डांबर घेऊन वर चढली आणि ज्या कंपनीने त्यांना रस्त्यावर आणलं होतं तिचं छप्पर त्यांनी फुकट दुरुस्त करून दिलं. मी आईला म्हटलं, ह्या माणसांना डोकं आहे का? आई म्हणाली, "डोकं खाली फरशीवर आहे ना त्यांचं."

खड्डा उरला आणि रांगोळी उरली. कारखाना कसा होता हे बघायचं तर खिडकीत जायचं. लोक जायला लागले. कॉलनी हळूहळू रिकामी होत होती, कुणी गावी, कुणी कल्याणला रिक्षावर, कुणी डोंबिवलीच्या नव्या सोसायट्यांमध्ये वॉचमन. सामान टेम्पोत चढलं की घरातली सगळी आधी देवळात आणि मग खिडकीवर यायची. गजांतून आपला माणूस बघून घ्यायची. बायका लांबूनच हळदीकुंकू टाकायच्या, ते भलत्याच माणसाच्या पायाशी पडायचं. क्रेनवाले काका गेले तेव्हा बराच वेळ गज धरून उभे होते. शेवटी बाबांना म्हणाले, "मी खाली उतरलो ते बरं झालं, नाहीतर इथून दिसलो नसतो." बाबांनी त्यांना मिठी मारली आणि घरी येऊन दार लावून घेतलं. मी तेव्हा ठाण्यात नोकरीला लागले होते. भाड्याची खोली घेते, चला तिकडे, असं दर रविवारी सांगत होते. बाबा म्हणायचे, माझं काम झालं की येतो. कसलं काम ते मी विचारत नसे.

सहा-सात वर्षं अशी गेली. मग एका उन्हाळ्यात जागा बिल्डरला विकली गेल्याची बातमी आली, आणि हॉल उघडायला तेच साहेब आले, चष्म्याचा नंबर वाढवून. बाबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. साहेबांनी ओळखलं. "अजून राहिलंच आहे का तुमचं?" म्हणाले. उद्या सगळं झाडून निघणार होतं, आता घट काय आणि भर काय. अर्धा तास देतो, म्हणाले.

आईने डबे काढले. ते तिने कधी टाकलेच नव्हते. बाबांनी दाढी केली आणि खाकी गणवेश चढवला. तो त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. कुलूप तोडल्यावर आत गेलो तर सगळ्या रांगोळीवर धुळीचा राखाडी थर होता. मुंग्यांनी फोरमनच्या मिशीतून रस्ता काढला होता. पण माणसं होती, सगळी, ओळीत, उजेडाकडे तोंड करून. उरलेली कॉलनी भिंतीला लागून उभी राहिली. बिल्डरची माणसं होती, शिपाई होते, वॉचमन होता. रिकामा हॉल आईच्या नशिबात नव्हताच.

ती फरशीवर बसली. बाबा स्टुलावर बसले. आणि सहा-सात वर्षं ज्याच्यासाठी कोर्टाचे उंबरे झिजवले ते समोर आल्यावर आमचे बाबा मुलगी बघायला पाहुणे आल्यासारखे मान खाली घालून बसले. आईने डोळे वर केले आणि थेट त्यांच्या चेहऱ्यावर रोखले.

"अहो, वर बघा."

बाबांनी वर बघितलं. कुणीतरी फिसकन हसलं. आई बघत होती. चिमूट खाली सोडायची, पुन्हा बघायची. कपाळ, नाक, गाल. मी डबे पुढे करत होते. तिने लाल चुरा घेतला, त्यात काळं मिसळलं, आणि मग पांढऱ्याच्या डब्यात हात घातला. भुवयांना घातला, मग कानाशी, मग हनुवटीखाली. पुन्हा पांढरं मागितलं. डबा तळाला गेला तेव्हा ती काय करतेय ते मला कळलं, आणि मला ओरडावंसं वाटलं की आई, असं नको, आठवून काढ. पण मी डबा धरून राहिले.

झाल्यावर बाबा स्टुलावरून उठून चित्राच्या सुलट बाजूला आले. धुळीखालची बाकीची माणसं त्या दसऱ्याला होती तेवढ्याच वयाची होती, ऐन उमेदीतली. डावीकडून शेवटचा मात्र म्हातारा होता. ताजे रंग, गाल आत गेलेले, भुवया पांढऱ्या, डोळ्यांखाली काळं. बाबा खूप वेळ वाकून बघत राहिले.

"एवढा म्हातारा झालो मी?" ते म्हणाले.

आई अजून फरशीवरच बसली होती आणि अजून त्यांच्याकडेच बघत होती, सगळ्यांच्या देखत, नजर न हटवता.

"मलाही आत्ताच दिसलं," ती म्हणाली.